सहावा खड्डा

कुणाच्याही घरी गेला की तो आधी चपला काढायचा, मग खिशातून ओळंबा काढायचा आणि त्यानंतर 'काय, कसं काय' म्हणायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी वापरतात ते. त्याचा ओळंबा मुठीत मावेल एवढा होता, टोकाशी निमुळता, आणि वर्षानुवर्षं खिशात राहून गुळगुळीत झालेला. दाराच्या चौकटीला दोरी धरून तो वजन खाली सोडायचा, ते झुलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून उभा राहायचा आणि मग निकाल सांगायचा. "दोन सूत कललीय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. यजमान हातात पाण्याचा पेला घेऊन तसेच उभे.

उल्हासनगरात मी फ्लॅट घेतला तेव्हा तो वास्तुशांतीला आला होता. आत गुरुजींचे मंत्र चाललेले आणि हा बाहेर जिन्याच्या भिंतीला दोरी लावून उभा. समोरच्या फ्लॅटमधले सिंधी शेजारी, कापडाचे व्यापारी, प्रसादाला म्हणून बाहेर आले आणि थबकले.

"साईं, ये क्या लटकाया है? नजर उतारने का है क्या?"

"नजर नाही शेठ, भिंत बघतोय."

"दीवार को क्या हुआ? नई दीवार है!"

"नवी आहे म्हणूनच. पावणेदोन सूत कललीय."

शेठजींचा चेहरा पडला. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. पावणेदोन सुतानं काही पडत नाही. आमच्या ऑफिसात याहून जास्त कललेली माणसं प्रमोशन घेऊन बसलीत."

शेठजी हसले. मीही हसलो. मला नुकतंच प्रमोशन मिळालं होतं.

निघताना, चपलेत पाय सरकवत त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "पाया खोदला तेव्हा खाली कोण उतरलं होतं रे?"

"बिल्डरचा इंजिनिअर उतरला असेल."

"असेल," तो म्हणाला. "भावोजी, पान वाढलंय," असं माझी बायको म्हणेपर्यंत तो जिना उतरून गेला होता.

आम्ही कॉलेजात त्याला ओळंबाच म्हणायचो. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मी फार पूर्वी गमावला. ओळंबा त्याच्या आजोबांचा. आजोबा गवंडी होते. नातू इंजिनिअरिंगला लागला तेव्हा त्यांनी तो धोतराच्या पदराला पुसून त्याच्या हातात ठेवला. बाकीच्या मुलांच्या टेबलावर देवाची तसबीर असायची. याच्या खिडकीच्या गजाला ओळंबा टांगलेला असायचा. वारा आला की तो झुलायचा आणि हा पुस्तकातून मान वर करून तो थांबायची वाट बघायचा.

होस्टेलात आम्ही एका खोलीत चार वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मला टायफॉइड झाला. डोळे उघडले की छत फिरायचं. हा खाटेशेजारी बसून मला माती आणि पाया या विषयाचं अख्खं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचा. एक प्रकरण झालं की विचारायचा, "झोपलास?" मी नाही म्हटलं की पुढचं प्रकरण. तो पेपर मी कानांनी पास झालो. तो नसता तर माझं वर्ष गेलं असतं, आणि आमच्या घरची परिस्थिती बघता वर्षाबरोबर कॉलेजही गेलं असतं.

अजून एक आठवण त्याच काळातली. सर्व्हेच्या कॅम्पात जमिनीची उंची मोजायचं लेव्हलचं यंत्र घेऊन गावभर फिरायचं आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं. निघतानाचा आकडा आणि परत आल्यावरचा आकडा जुळला पाहिजे. कुणाचाच जुळत नसे. मग संध्याकाळी तंबूत बसून मधले आकडे थोडे इकडचे तिकडे करायचे. याला आम्ही 'शिजवणं' म्हणायचो. मास्तरांनाही ते ठाऊक असायचं. आमच्या जोडीचे आकडे एका संध्याकाळी मी शिजवले. त्यानं वही बघितली आणि मिटली. सकाळी उठलो तर यंत्र खांद्यावर घेऊन तयार. दिवसभर उन्हात आम्ही तीच वाट परत चाललो. दुपारी एका बांधावर चूक सापडली. पट्टीवरचा आकडा मीच उलटा वाचला होता.

मला वाटलं आता शिव्या खाणार. तो पाण्याची बाटली पुढं करून म्हणाला, "चुकलास त्याचं काही नाही. शिजवू नकोस. मला सांग फक्त. सांगितलंस तर दोघं मिळून परत चालू."

हे वाक्य मला पुढे पुष्कळ वेळा ऐकू आलं आहे.

त्याचा देव खाली होता. ही थट्टा नाही, तो खरंच तसं मानायचा. बाकीचे वर बघून हात जोडायचे, हा जमिनीकडे बघून. होस्टेलातल्या गणपतीसमोर आरती चाललेली असताना याची नजर फरशीवर. कुणीतरी छेडलं, "काय रे, चिल्लर पडली का?" तर म्हणाला, "वर काय आहे? ढग. सगळं ज्याच्यावर उभं आहे तो खाली आहे. ओळंबा बघ, रोज त्याच्याकडेच बोट दाखवतो."

नोकरी आम्हा दोघांना एकाच खात्यात लागली आणि नेमणूकही बदलापूरच्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी तो मला अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यायचा. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिथं गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. आत अंधार, ओल, पायाखाली गार दगड. हा तिथं लहान मुलासारखा खूश असायचा. "बघ, ज्यानं बांधलं त्याला कळत होतं. देव पायात ठेवलाय." वर येताना प्रत्येक पायरीला हात लावून कपाळाला लावायचा.

साइटवरही तसंच. इमारतीचा पाया भरण्याआधी प्रत्येक खड्ड्यात इंजिनिअरनं स्वतः उतरून तळ बघायचा असतो. खाली खडक लागला की नाही ते पहार मारून ऐकायचं, मग रजिस्टरवर सही करायची, आणि मगच काँक्रीट. नियम सगळ्यांना आहे. पुष्कळजण काठावरून वाकून बघतात. तो चपला काठावर काढून उतरायचा. चिखल असो, पाणी असो, विंचू निघालेला असो. मजूर हसायचे. "साहेब देवळात चालले," म्हणायचे. तो खालून ओरडायचा, "हसा. पण पहार द्या."

आता त्या दिवसाचं सांगतो.

बारवी धरणाच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर एक वाडी आहे. धरण समोर दिसतं, त्याचं पाणी शहरांना जातं. वाडीतल्या बायका मात्र दरीतल्या झऱ्यावर जायच्या. डोक्यावर दोन हंडे घेऊन तो चढ चढायच्या. झऱ्याशी पंप बसवायचा आणि वाडीत सहा खांबांवर टाकी बांधायची असं काम निघालं. काम त्याच्याकडे होतं. सहा खांबांचे सहा खड्डे. पाच त्यानं स्वतः उतरून बघितले आणि भरले. सहावा दरीच्या अंगाला होता, तो खोदून होईपर्यंत त्याच्या आईचं वर्षश्राद्ध आलं. दोन दिवसांसाठी गावी जाताना तो मला म्हणाला, "सहावा तू बघ. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही."

सकाळी दहाला मी साइटवर पोचलो. काँक्रीट कालवायचं मशीन दुसऱ्या कामावरून एका दिवसासाठी मागून आणलेलं. आकाश भरून आलेलं. खड्डा आठ फूट खोल, तळाशी घोट्याच्या वर चिखल. मुकादम वरूनच लांब पहार घेऊन उभा होता.

"कातळ लागलाय साहेब. ऐका." त्यानं पहार सोडली. ठण्ण असा आवाज आला. "बघितलंत? आता काय, उतरताय का शिडी लावून?"

मी माझ्या बुटांकडे बघितलं. आदल्या दिवशी कल्याणला घेतलेले तांबूस चामड्याचे बूट. दुपारी तीनला कल्याणलाच मुलगी बघायला जायचं होतं. पँटही नवी होती.

"आवाज चांगला आहे," मी म्हणालो. "भरा."

एवढंच. यात दुसरं कुठलंही कारण नव्हतं. कुणाचा दबाव नव्हता, कुणी काही देऊ केलं नव्हतं. पुढे मी स्वतःशी पुष्कळ कारणं रचून पाहिली. बुटांखेरीज एकही टिकलं नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कातळ म्हणजे खोलवर गेलेला एकसंध खडक. पण डोंगराच्या उतारावर मातीत गाडलेले मोठमोठे गोटेही असतात. पहारीखाली गोटा कातळासारखाच वाजतो. फरक कळायला खाली उतरावं लागतं, चार कोपऱ्यांत पहार घालून बघावी लागते. कडेला पहार मातीत गेली तर तो गोटा. मग तो काढून अजून खाली जायचं. काठावरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच.

दोन दिवसांनी तो परत आला. काँक्रीट केव्हाच घट्ट झालं होतं. काम त्याच्या नावावर असल्यामुळे रजिस्टरवर सही, उशिरा का होईना, त्याचीच लागणार होती. त्यानं रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि विचारलं, "उतरला होतास?"

मी म्हणालो, "हो."

"चारी कोपरे?"

"हो रे बाबा. कातळ आहे."

न उतरलेल्या खड्ड्याच्या नोंदीखाली त्यानं आयुष्यात कधी सही केली नव्हती. मग मान हलवून म्हणाला, "तू उतरलास म्हणजे मीच उतरलो," आणि सही केली. रजिस्टर मिटून विचारलं, "मुलगी कशी होती?"

मुलगी चांगली होती. तिच्याशीच माझं लग्न झालं. लग्नात त्यानं मांडवाच्या खांबांना ओळंबा लावून पाहिला आणि माझ्या सासऱ्यांना घाम फोडला.

दुसऱ्या पावसाळ्यात टाकी कलली. खालून चालणाऱ्यालाही कळेल इतकी. पाणी सोडून दिलं, माणसं हलवली. कुणी दगावलं नाही, हे नशीब. पाऊस ओसरल्यावर दरीकडच्या खांबाचा पाया उघडा केला. आम्ही सगळे काठावर उभे होतो. चपला काढून तो एकटा खाली उतरला. बराच वेळ खालून नुसता पहारीचा आवाज येत होता. ठण्ण. मग भस्स. मग पुन्हा भस्स. खांब एका गोट्यावर उभा होता आणि गोट्याच्या चारी अंगांना लाल माती होती.

वर आल्यावर त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं. तेच बूट होते. आता जुने झालेले, पण चिखलाचा डाग नसलेले. मी कायम जपून वापरायचो ते.

चौकशी झाली. चौकशी अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, "या खड्ड्यात तुम्ही उतरला होता?"

"नाही."

"मग सही कशी केली?"

"चूक झाली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सही माझी आहे," तो म्हणाला. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हेच.

मग मला बोलावलं. मुकादम तोवर काम सोडून कुठं गेला होता कुणाला माहीत नव्हतं. मला विचारलं, "काँक्रीट घातलं त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

मी म्हणालो, "कल्याणला होतो साहेब. माझ्या लग्नाची बोलणी होती."

हे खरं होतं. दुपारचं खरं होतं. सकाळचं कुणी विचारलं नाही. खोटं मी आयुष्यात एकदाच बोललो, रजिस्टरसमोर. त्यानंतर सगळं खरंच बोलत गेलो, सोयीपुरतं. बाहेर व्हरांड्यात तो बाकावर बसला होता. मी समोरून गेलो तेव्हा त्यानं पाय आत घेऊन मला वाट दिली.

त्याच्या वेतनवाढी बंद झाल्या, बढती गेली. थोड्या वर्षांत त्यानं नोकरीही सोडली. टाकी पाडली. नवी मंजूर व्हायला फार वर्षं लागली, आणि तोवर वाडीतल्या बायका पुन्हा दरीत उतरू लागल्या. मी चढत गेलो. शेवटी मोठ्या हुद्द्यावरून शाल आणि नारळ घेऊन निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात एकजण म्हणाला, साहेबांच्या कारकिर्दीत एकही काम कलंडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.

नोकरी सोडल्यानंतर त्यानं कधी सही केली नाही. हे मी शब्दशः सांगतोय. अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या कारखान्यांत नव्या शेडची कामं निघायची, तिथं तो देखरेखीला जायचा. मजूर लांबूनच ओरडायचे, "काका आ गये, चप्पल उतारो रे!" तो खड्ड्यात उतरायचा, तळ बघायचा, तोंडी सांगायचा. कागदावर सही दुसऱ्यानं करायची. बँकेत तो अंगठा द्यायचा. एकदा बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या त्याच्या घराजवळच्या बँकेत मी त्याच्यासोबत होतो. काउंटरवरची मुलगी शाईची डबी पुढं करत सहानुभूतीनं म्हणाली, "शाळेत नाही का गेलात आजोबा?"

"गेलो होतो," तो म्हणाला. "पण विसरलो सगळं."

बाहेर आल्यावर रुमालानं अंगठा पुसत मला म्हणाला, "अंगठ्याचं बरं असतं. दुसऱ्याच्या शब्दावर उठत नाही." आणि हसला. मी त्याच्याबरोबर हसलो. त्याच्या प्रत्येक विनोदाला मी हसत आलो. त्याच्यासमोर तेवढंच करणं मला जमायचं.

माझ्या शेवटच्या बढतीनंतर मी अंबरनाथच्या मंदिरात गेलो. मधल्या काळात मी फार देवभक्त झालो होतो. सोमवार, संकष्टी, सगळं. बेल घेऊन आत शिरलो तर गाभाऱ्याच्या वरच्या पायरीवर तो बसलेला.

"चल खाली," मी म्हणालो.

"तू जाऊन ये."

"का? गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत. मी इथं खाली जात नाही आता." आणि मग खालच्या अंधाराकडे बघत, "वरून सही करणारा माणूस मी. खाली कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी एकटा वीस पायऱ्या उतरलो. बेल वाहिला. पिंडीवर पाण्याची धार पडत होती. तिथं खाली उभं राहून मी ठरवलं, वर गेल्या गेल्या सांगायचं. म्हणायचं, वरून सही करणारा तू नाहीस. वर आलो. त्यानं विचारलं, "गर्दी होती का?" मी म्हणालो, "नाही, निवांत दर्शन झालं." मग आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

गेल्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला तेव्हा मात्र मी ठरवूनच हेंद्रेपाड्याला गेलो. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्यासमोर लाज वाटायची तीही उरली नव्हती. वहिनी स्वयंपाकघरात चहा करत होत्या. तो उशीला टेकून बसला होता, हाडांचा सापळा झालेला. होस्टेलची खाणावळ, मास्तरांची नक्कल, सगळं निघालं. मग मी म्हणालो, "त्या सहाव्या खड्ड्याचं मला..."

"तुझे बूट नवीन होते," तो म्हणाला.

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं.

"कल्याणच्या मुलीनं बघितले ना ते? का फुकट गेले?"

"तुला माहीत होतं."

"पाया उघडला तेव्हा कळलं."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

तो बराच वेळ खोकला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "वाटलं, तू बोलशील. व्हरांड्यात बसलो होतो तेव्हा वाटलं, आता आत बोलत असेल. नंतरही वाटायचं. तू घरी आलास की दर वेळी वाटायचं, आज सांगायला आला. मग सवय झाली."

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही दोघांनी घेतला. मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नाही. तीन आठवड्यांनी तो गेला.

आमच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सगळे सत्तरीच्या पुढचे. सकाळी सुविचार, संध्याकाळी औषधं. त्याच्या जाण्याची बातमी आली तसे हात जोडलेले दिसू लागले. मग एकानं लिहिलं, "हुशार होता बिचारा. पण त्या टाकीत सिमेंट खाल्लं आणि स्वतःच्या हातानं करिअर संपवलं." दुसऱ्यानं लिहिलं, "लोभ वाईट." त्याखाली पुन्हा हात जोडलेले. त्या हातांमध्ये एक जोडी माझी होती. मी ती पाठवली, आणि फोन उलटा ठेवला, आणि तरी ती तिथंच होती.

दहाव्याला गेलो तेव्हा मी वहिनींना विचारलं, "त्याचा ओळंबा कुठाय?"

"तो त्यांनी वाडीत देऊन टाकला की. दोन वर्षं झाली."

"कुठल्या वाडीत?"

त्यांनी माझ्याकडे चकित होऊन बघितलं. "टाकीच्या. दर वर्षी जायचे ना पावसाळा संपला की. तुम्हाला माहीत नाही? मला वाटायचं, तुम्हीच दोघं जाता."

पुढच्या आठवड्यात बदलापूरहून रिक्षा करून मी वाडीवर गेलो. चाळीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्यावर मोबाइल बघत उभ्या असलेल्या तरुणाला जुन्या टाकीची जागा विचारली. "कौनसी टाकी काका? पाण्याची? ती तर उधर आहे, नवीनवाली." जुनी त्याच्या जन्माच्या आधीची. शेवटी एका झोपडीबाहेर भात पाखडत बसलेल्या म्हातारीनं हात केला. तिच्या मागच्या दाराला वरून दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या टोकाला तो पितळी ओळंबा लोंबत होता. दार आपोआप ओढलं जावं म्हणून.

"ह्यो? त्या सायबानं दिला," ती म्हणाली. "दार वाऱ्यानं आपटायचं माजं. आता नाय आपटत. तू कोन?"

"त्याचा मित्र. तो गेला."

तिनं सूप खाली ठेवलं. मग काठी घेऊन उठली. एका पायानं ती चांगलीच लंगडत होती. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाली, "झऱ्यावरनं येताना पडले. टाकी पाडल्यावर परत जाया लागायचं ना खाली. हंडं डोक्यावर व्हतं."

ती मला जागेवर घेऊन गेली. पाच खांबांचे बुंधे गवतात. सहाव्याच्या जागी, खांब पायासकट काढून नेल्यामुळे, नुसता खड्डा; दरीकडची कड वाहून गेलेली, तरी कमरेच्या वर खोल. "हिथं यायचा. पायतान काढून उतरायचा नि तासभर गप बसायचा. मग आमच्यात येऊन च्या प्यायचा."

मी बूट काढले. मोजे काढले. काठाला धरून, घसरत, कसाबसा उतरलो. पायांना ओली माती लागली. तळाशी गोटा होता, तोच, गोल पाठीचा. दगड घेऊन मी त्यावर मारला. ठण्ण. अजूनही कातळासारखाच वाजतो.

वरून म्हातारी म्हणाली, "आता उतरून काय बगतोस?"

मी तिथं खाली उभा राहून तिला सगळं सांगितलं. तो नव्हता, मी होतो. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. तुझा पाय माझ्यामुळे गेला. तिनं काठीवर हनुवटी टेकवून ऐकून घेतलं.

"तो म्हनायचा, चूक माजी," ती म्हणाली. "तू म्हनतोस तुजी. आमाला सायेब सगळे सारकेच. पन तो दर साली यायचा."

"लोक त्याला चोर म्हणतात, आजी."

"आमी कंदी म्हनलो त्याला चोर?" ती एकदम तडकली. "ह्या वाडीत विचार कुनालाबी. आमाला कशापायी सांगतोस मग? ज्यांनी म्हनलं त्यांच्यात जाऊन सांग की!"

मग तिनं काठीचं टोक खाली केलं. मी ते धरलं. दोन वेळा घसरलो. लंगड्या पायावर भार देऊन तिनं मला वर ओढलं.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. तिथं पुसायला एक बोट पुरतं. म्हणून आधी इथं, छापायला दिलं. छापून आलं की तेच ग्रुपवर पाठवणार आहे. ज्यांनी त्याच्याखाली हात जोडले ते सगळे वाचतील, माझी मुलं वाचतील, आणि निरोपाच्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी जे हयात आहेत तेही.

खड्डा क्रमांक सहा. त्या सकाळी साइटवर मी होतो. मी उतरलो नाही. त्यानं विचारलं तेव्हा मी 'हो' म्हणालो. त्यानं सिमेंटचा कणही खाल्ला नाही.

सही माझी आहे.